जुन्या स्टोरेज नेटवर्कवर आरडीएमए: भार वाढला की वारंवार तुटणारी जोडणी

स्टोरेजसाठी आधीपासून उभ्या असलेल्या इथरनेट नेटवर्कवर रिमोट डायरेक्ट मेमरी अ‍ॅक्सेस, म्हणजे आरडीएमए (प्रोसेसरला न गुंतवता एका मशिनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट डेटा नेण्याची रीत), सुरू केल्यानंतर एक तक्रार ठरावीक रूपात पुन्हा पुन्हा येते. जोडणी होते, छोट्या चाचण्यांचे आकडे उत्तम येतात आणि काही दिवस सारे सुरळीत चालते. मग बॅकअपची वेळ झाली किंवा बरीच व्हर्च्युअल मशिन एकदम सुरू झाली की वाचन-लेखन काही सेकंद गोठते, एनव्हीएमई (फ्लॅश स्टोरेजशी बोलण्याचा प्रोटोकॉल) कंट्रोलर तुटल्याची नोंद लॉगमध्ये पडते, दर १० सेकंदांनी पुनर्जोडणीचा प्रयत्न होतो आणि थोड्या वेळाने सगळे आपोआप पूर्ववत होते. कोणी सर्व्हर रीबूट करतो, कोणी केबल बदलतो, कोणी नवे फर्मवेअर चढवतो. प्रत्येक उपायानंतर काही काळ बरे वाटते आणि दोष परततो. या लेखात लिनक्स सर्व्हर आणि रॉकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, इथरनेटवरून आरडीएमए नेणाऱ्या प्रोटोकॉलची दुसरी आवृत्ती गृहीत धरली आहे, पण शोधाची दिशा इतर मांडण्यांनाही लागू पडते.

माझे मत आरंभीच सांगतो. अशा तक्रारींमध्ये दोष बहुतेक वेळा आरडीएमएच्या सॉफ्टवेअरमध्ये नसून, वाटेतल्या एखाद्या टप्प्यावर या वाहतुकीला तिचा राखीव वर्ग न मिळण्यात असतो. म्हणून कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी एकच प्रायॉरिटी (वाहतुकीच्या वर्गाचा ० ते ७ मधला क्रमांक) हाती धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रत्येक पोर्टचे काउंटर वाचणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

पूर्वी चालत होते, मग आताच का बिघडले?

आयस्कझी किंवा एनएफएस या स्टोरेज प्रोटोकॉलसाठी उभारलेले नेटवर्क टीसीपीच्या भरवशावर चालत आलेले असते. स्विचचा बफर भरला की पॅकेट टाकून दिले जाते, टीसीपी ते निमूटपणे पुन्हा पाठवतो आणि स्टोरेजला थोडासा उशीर जाणवतो, तोही सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. असे पोर्ट वर्षानुवर्षे थोडी थोडी पॅकेटे गाळत असले तरी तक्रार येत नाही. रॉकीची दुसरी आवृत्ती यूडीपीच्या ४७९१ क्रमांकाच्या पोर्टवरून जाते आणि हरवलेल्या पॅकेटची भरपाई नेटवर्क अ‍ॅडाप्टरच्या हार्डवेअरने करायची असते. अनेक अ‍ॅडाप्टर ही भरपाई अतिशय ढोबळपणे करतात: मधले एक पॅकेट हरवले तर त्याच्या मागून सुखरूप पोहोचलेली पॅकेटेही टाकून दिली जातात आणि हरवलेल्या पॅकेटापासून सारे पुन्हा पाठवले जाते. २०१६ च्या सिगकॉम परिषदेत मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी मांडलेल्या शोधनिबंधात याहूनही कडक रीतीचा, म्हणजे चूक होताच अख्खा संदेश पहिल्यापासून पाठवणाऱ्या अ‍ॅडाप्टरचा, प्रयोग दिला आहे. त्यांनी दर २५६ पॅकेटांमागे एक पॅकेट मुद्दाम टाकले, तेव्हा ४ मेगाबाइटचा एकही संदेश पूर्ण होईना आणि दुवा मात्र पूर्ण वेगाने भरलेला दिसत होता. किरकोळ वाटणारी गळती येथे किती महाग पडते, ते यावरून कळावे.

म्हणूनच या वाहतुकीसाठी नेटवर्क गळतीरहित ठेवण्याचा प्रयत्न केला जातो. त्याचे साधन म्हणजे प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल, अर्थात ८०२.१क्यूबीबी हे मानक, ज्यात आठ प्रायॉरिटींपैकी निवडलेल्या प्रायॉरिटीचीच वाहतूक क्षणभर थांबवता येते. फायबर चॅनल या स्टोरेजसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर अनेक वर्षे काम केलेल्या मंडळींची येथे हमखास फसगत होते. फायबर चॅनलमध्ये समोरून बफरचे क्रेडिट आल्याशिवाय पाठवणारा फ्रेम सोडतच नाही. इथरनेटमध्ये थांबण्याची सूचना येईपर्यंत तो पाठवतच राहतो. ती सूचना एका टप्प्यावर जरी निघाली नाही किंवा समजली नाही, तरी पूर्ण मार्गाचा गळतीरहितपणा संपतो. (प्रत्यक्ष फायबर चॅनलच्या जाळ्यावर आरडीएमए चालत नाही, तेथे एनव्हीएमई त्या जाळ्याच्या स्वतःच्या प्रोटोकॉलवर चालते, त्यामुळे तो विषय वेगळा.)

लॉगमधली पहिली चूक शोधावी

जोडणी तुटते तेव्हा लॉगमध्ये चुकांची रांग लागते आणि तिच्यातील बहुतेक नोंदी स्टेटस ५ च्या असतात (स्टेटस म्हणजे आरडीएमएच्या प्रत्येक कामाचा निकाल सांगणारा क्रमांक). स्टेटस ५ म्हणजे जोडणी आधीच मोडल्यामुळे रांगेतले उरलेले काम रद्द झाले. तो परिणाम आहे, कारण नव्हे. त्या रांगेच्या अगदी वरची, पहिली वेगळी नोंद महत्त्वाची असते. ती स्टेटस १२ ची असेल तर पाठवलेल्या पॅकेटची पोच ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या प्रयत्नांत आली नाही, म्हणजे नेटवर्कवर संशय घ्यावा. स्टेटस १३ असेल तर पॅकेट पोहोचले होते, पण समोरच्या टोकाने ते स्वीकारण्यासाठी बफर तयार ठेवला नव्हता. तेव्हा स्विचच्या मागे लागण्याऐवजी समोरच्या स्टोरेज सॉफ्टवेअरच्या रांगेची खोली तपासावी. एवढा एक आकडा पाहिला तर कित्येक तासांची दिशाभूल टळते.

पोचेची वाट किती वेळ पाहायची, हेही आकड्याने ठरते: ४.०९६ मायक्रोसेकंद गुणिले २ चा अमुक घात. घात १४ असेल तर ती वेळ सुमारे ६७ मिलिसेकंद होते आणि १८ असेल तर सेकंदाहून थोडी अधिक. पुनर्प्रयत्न जास्तीत जास्त ७ असतात. गोठण्याचा काळ काही सेकंदांचाच का असतो, त्याचा उलगडा या हिशेबातून होतो. हा घात वाढवून जोडणी टिकवण्याचा मोह होतो. त्याने तुटणे कमी होते, गळती तशीच राहते आणि गोठण्याचा काळ उलट लांबतो. निदान होईपर्यंत तो आकडा बदलू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पॅकेटचा आकार

जोडणी होते, पण मोठे वाचन सुरू करताच लगेच आणि दर वेळी अडकते, असे असेल तर आधी एमटीयू, म्हणजे एका पॅकेटच्या आकाराची कमाल मर्यादा, पाहावा. आरडीएमएचा स्वतःचा एमटीयू २५६, ५१२, १०२४, २०४८ किंवा ४०९६ यांपैकीच असतो आणि तो इंटरफेसच्या एमटीयूमध्ये मावेल असा सर्वांत मोठा निवडला जातो. इंटरफेस ९००० वर असेल तर ४०९६, १५०० वर असेल तर १०२४. दोन्ही टोके ९००० वर आणि मधला एखादा पोर्ट १५०० वर राहिला, तर जोडणी उभी करणारे छोटे संदेश पार होतात आणि डेटाची मोठी पॅकेटे कोणतीही सूचना न देता नाहीशी होतात.

याची नेहमीची तपासणी म्हणजे तुकडे न करण्याच्या अटीसह ८९७२ बाइटचा पिंग पाठवणे. पण साधा पिंग प्रायॉरिटी ० मधून जातो, हे येथे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. ज्या स्विचवर पूर्वी फायबर चॅनल ओव्हर इथरनेट चालत होते, तेथे प्रायॉरिटी ३ हा वर्ग त्या वाहतुकीसाठी राखलेला असतो आणि फायबर चॅनलची फ्रेम सुमारे २१४८ बाइटची असल्यामुळे त्या वर्गाचा एमटीयू अनेकदा २१५८ वर बांधलेला असतो. रॉकीसाठीही रूढीने प्रायॉरिटी ३ च घेतली जाते. परिणामी पोर्टचा एमटीयू ९२१६ दिसतो, साधा पिंग यशस्वी होतो आणि तरीही ४०९६ बाइट वाहणारे आरडीएमएचे पॅकेट त्या वर्गाच्या मर्यादेवर आपटून पडते. म्हणून पिंगला टीओएसचे (आयपी शीर्षकातल्या, वर्ग सांगणाऱ्या बाइटचे) मूल्य १०४, म्हणजे प्रायॉरिटी ३, देऊन तोच प्रयोग पुन्हा करावा. साधा पिंग जातो आणि १०४ चा जात नाही, तर दोष वर्गाच्या एमटीयूमध्येच आहे. खात्रीसाठी इंटरफेसचा एमटीयू तात्पुरता २२०० करून पाहता येतो. मग आरडीएमए २०४८ निवडते, सारी शीर्षके धरून पॅकेट सुमारे २१०८ बाइटचे होते आणि जुन्या मर्यादेतून निसटते.

चिन्ह कोणत्या टोकाने लावायचे?

या समस्येचा गाभा येथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्विचने पॅकेट कोणत्या प्रायॉरिटीत घालायचे, हे दोन खुणांवरून ठरते: व्हीलॅन टॅगमधली (पॅकेट कोणत्या आभासी नेटवर्कचे ते सांगणाऱ्या चिठ्ठीतली) तीन बिटे किंवा आयपी शीर्षकातले डीएससीपी, म्हणजे वर्ग सांगणारा सहा बिटांचा आकडा. जुन्या स्टोरेज नेटवर्कमध्ये सर्व्हरचे पोर्ट बहुधा अ‍ॅक्सेस पोर्ट असतात आणि त्यांवरून टॅग नसलेली पॅकेटे जातात. टॅगच नाही, तर त्यातली बिटेही नाहीत. अशी वाहतूक थेट प्रायॉरिटी ० मध्ये जाते. टॅग असला तरी राउटिंगच्या टप्प्यावर तो गळून पडतो. म्हणून जुन्या नेटवर्कवर प्रत्येक स्विच पोर्टने आणि प्रत्येक अ‍ॅडाप्टरने डीएससीपीवर विश्वास ठेवावा, असे सेटिंग करणे हेच श्रेयस्कर. अ‍ॅडाप्टरचे मूळ सेटिंग अनेकदा टॅगवर विश्वास ठेवण्याचे असते, तेही बदलावे लागते.

रूढीने रॉकीसाठी डीएससीपी २६ वापरतात आणि नेहमीच्या तक्त्यात डीएससीपीला ८ ने भागून येणारा पूर्णांक ही प्रायॉरिटी असते, म्हणजे २६ ला ३. अडचण अशी की अ‍ॅडाप्टरच्या सेटिंगमध्ये अनेक ठिकाणी डीएससीपी नव्हे, तर टीओएसचा पूर्ण बाइट मागितला जातो. त्या बाइटची वरची सहा बिटे डीएससीपीची आणि खालची दोन गर्दीच्या सूचनेची असतात. डीएससीपी २६ हवे असेल तर बाइट १०४ येतो आणि गर्दीच्या सूचनेची तयारी दर्शवायची असेल तर १०६. तेथे कोणी सरळ २६ लिहिले, तर बाइट होतो ०००११०१०. वरची सहा बिटे ०००११०, म्हणजे डीएससीपी ६, आणि ते पडते प्रायॉरिटी ० मध्ये. सेटिंगच्या कागदावर सगळीकडे २६ च लिहिलेले असते, पाहणाऱ्याला सारे बरोबर वाटते आणि वाहतूक मात्र सामान्य रांगेत उभी असते. कमी भाराला त्या रांगेत जागा असते, म्हणून चाचण्या पार पडतात. भार वाढला की तेथेच गळती सुरू होते.

दुसरी गोष्ट दिशेची. एनव्हीएमई ओव्हर फॅब्रिक्समध्ये, म्हणजे नेटवर्कवरून चालणाऱ्या एनव्हीएमईमध्ये, सर्व्हर वाचनाची विनंती करतो तेव्हा डेटा स्टोरेजचा अ‍ॅडाप्टर सर्व्हरच्या मेमरीत लिहितो, म्हणजे डेटाची पॅकेटे स्टोरेजच्या टोकाकडून निघतात आणि त्यांवरचे चिन्ह तेथील सेटिंगप्रमाणे लागते. लेखनाच्या वेळी स्टोरेज सर्व्हरच्या मेमरीतून डेटा ओढून घेते. ती पॅकेटे सर्व्हरच्या अ‍ॅडाप्टरकडून निघतात आणि सर्व्हरचे चिन्ह वाहतात. त्यामुळे लेखन निर्दोष आणि वाचन अडखळते, असे दिसले तर सर्व्हर तपासत बसण्यात अर्थ नाही. स्टोरेजच्या टोकाचे टीओएस पाहावे. उलट दिसले तर उलट.

पडताळणी सोपी आहे. परफटेस्ट या आरडीएमए चाचण्यांच्या संचातील बँडविड्थ चाचणी एका दिशेने चालवावी, त्याच वेळी इथटूल या आज्ञेतून प्रत्येक प्रायॉरिटीच्या बाइटचे काउंटर पाहावेत आणि नेमके कोणते वाढते ते टिपावे. मात्र चाचणीच्या आज्ञेत स्वतःचे चिन्ह देता येते आणि ते खऱ्या स्टोरेज वाहतुकीच्या चिन्हाहून वेगळे असू शकते, म्हणून शेवटची पडताळणी प्रत्यक्ष स्टोरेजच्या वाहतुकीवरच करावी. पॅकेटे पकडणाऱ्या नेहमीच्या टीसीपीडंपवर विसंबू नये, कारण ही पॅकेटे कर्नलला वळसा घालून जातात. ती पाहायची तर स्विचवर पोर्ट मिररिंग करून दुसऱ्या मशिनवर पकडावीत.

जुना सर्वसाधारण पॉज

आयस्कझीच्या काळात अनेकांनी स्विच पोर्टवर ८०२.३एक्सचा सर्वसाधारण पॉज सुरू केलेला असतो आणि तेव्हा तो सल्ला रास्तच होता. पण हा पॉज पोर्टची सगळी वाहतूक थांबवतो आणि तो चालू असताना त्याच पोर्टवर प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल चालू शकत नाही. स्विचवर एक आणि अ‍ॅडाप्टरवर दुसरा, अशी जोडी जमली की दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर असतात आणि परस्परांची सूचना कोणी ऐकत नाही. प्रत्येक पोर्टवर सर्वसाधारण पॉज बंद असल्याची खात्री दोन्ही बाजूंनी करून घ्यावी.

पुन्हा जोडले की बरे का होते?

या प्रश्नाने अनेकांना चकवले आहे. रॉकीच्या दुसऱ्या आवृत्तीत यूडीपीचा स्रोत पोर्ट प्रत्येक जोडणीगणिक वेगळा असू शकतो आणि समांतर मार्गांपैकी कोणता घ्यायचा, हे स्विच त्यावरून ठरवतात. चार समांतर दुव्यांपैकी एकाच दुव्यावर प्रायॉरिटी ३ गळतीरहित केलेली नसेल, तर त्या दुव्यावर पडलेल्या जोडण्याच त्रास देतात. तुटून पुन्हा जुळताना नवा स्रोत पोर्ट मिळाला की जोडणी दुसऱ्या, निरोगी दुव्यावर जाते आणि रीबूटने दोष गेला असा समज होतो. म्हणून एकत्र बांधलेल्या दुव्यांचे सेटिंग समूहाच्या नावाने न पाहता प्रत्येक सदस्य पोर्टवर स्वतंत्रपणे पाहावे आणि टाकून दिलेल्या पॅकेटांचे काउंटरही पोर्टनिहाय व प्रायॉरिटीनिहाय वाचावेत. अ‍ॅडाप्टरवरचे क्रम चुकलेल्या पॅकेटांचे आणि पोचेची वेळ उलटल्याचे काउंटर वाढत असतील आणि सर्व्हरच्या पोर्टवर गळती शून्य असेल, तर दोष मधल्या दुव्यांमध्ये आहे हे जवळजवळ निश्चित समजावे.

गळती नाही, तरीही गोठते

कधी सारे सेटिंग बरोबर असते, प्रायॉरिटी ३ मध्ये गळती शून्य असते आणि पॉजचे काउंटर मात्र झपाट्याने वाढतात. एक पॉज फ्रेम १०० गिगाबिटच्या दुव्यावर जास्तीत जास्त सुमारे ३३५ मायक्रोसेकंद थांबवू शकते, पण त्या सतत येत राहिल्या तर थांबणे मागे मागे पसरते आणि ज्यांचा गर्दीशी संबंध नाही अशा जोडण्याही अडकतात. येथे पॉज कोण पाठवतो आहे, ते शोधावे. एखादा सर्व्हरच कमी भारातही सारखा पॉज पाठवत असेल, तर त्याचा अ‍ॅडाप्टर आलेला डेटा मेमरीत वेळेवर पोहोचवू शकत नाही, असा अर्थ होतो. १०० गिगाबिटचे कार्ड तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या आठ लेनच्या स्लॉटमध्ये बसवलेले असेल तर त्याला सुमारे ६३ गिगाबिटच मिळतात आणि उरलेली तूट ते पॉज पाठवून भरून काढते. स्लॉटची प्रत्यक्ष रुंदी आणि पिढी एलएसपीसीआय ही आज्ञा दाखवते.

पॉज खूप वेळ टिकला तर काही स्विचवरील वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या रांगांवर नजर ठेवणारी यंत्रणा, ती रांग सोडवण्यासाठी तिच्यातली पॅकेटे टाकून देते. गळतीरहित रांगेत गळती दिसली तर वॉचडॉगची नोंद आधी पाहावी.

अंतराचाही हिशेब करावा. थांबण्याची सूचना पोहोचेपर्यंत तारेत असलेली पॅकेटे साठवायला स्विचला मोकळा बफर लागतो. फायबरमधून प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून १०० मीटरच्या जाण्या-येण्यात १०० गिगाबिटच्या दुव्यावर सुमारे १२.५ किलोबाइट येऊन पडतात. १० किलोमीटरला हाच आकडा १.२५ मेगाबाइट होतो, तोही एका पोर्टच्या एका वर्गासाठी. अनेक स्विचमध्ये सगळ्या पोर्टांना मिळून १६ किंवा ३२ मेगाबाइट बफर असतो. दोन इमारतींमध्ये ताणलेल्या जुन्या स्टोरेज नेटवर्कवर लांबच्या दुव्याचे पोर्ट मूळ सेटिंगवरच राहिलेले असतात आणि तेथे प्रायॉरिटी फ्लो कंट्रोल चालू असूनही गळती होते.

पॉज हा शेवटचा उपाय राहावा, यासाठी त्याआधी गर्दीची सूचना मिळाली पाहिजे. स्विच भरू लागताच पॅकेटवर खूण करतो, स्वीकारणारे टोक पाठवणाऱ्याला सूचनेचे पॅकेट पाठवते आणि तो वेग कमी करतो. अ‍ॅडाप्टरवर खूण झालेल्या पॅकेटांचे काउंटर शून्य आणि पॉजचे काउंटर मोठे असेल, तर एक तर स्विचवर खुणेची मर्यादा बसवलेली नाही किंवा ती पॉजच्या मर्यादेच्या वर आहे, किंवा टीओएसची शेवटची दोन बिटे शून्य असल्यामुळे स्विचला खूण करण्याची मुभाच नाही. सूचनेच्या पॅकेटांना स्वतःची प्रायॉरिटी द्यावी. त्यासाठी रूढीने डीएससीपी ४८ वापरतात.

दोष परत येऊ नये म्हणून

अ‍ॅडाप्टरवरचे विश्वासाचे, फ्लो कंट्रोलचे आणि टीओएसचे सेटिंग आज्ञेने केलेले असेल तर ते बहुधा रीबूटनंतर पुसले जाते. वारंवार परतणाऱ्या तक्रारींमागे हे एक साधे कारण फार वेळा निघते. हे सेटिंग इंटरफेस सुरू झाल्यावर चालणाऱ्या सिस्टमडीच्या सेवेत लिहावे, किंवा डीसीबीएक्स या सेटिंग कळवणाऱ्या प्रोटोकॉलद्वारे स्विचकडून घ्यावे. दोन्ही एकत्र ठेवू नये, कारण मग शेवटी बोलणाऱ्याचे चालते आणि तो कोण हे दर वेळी बदलते. राखीव मार्गावरचा दुसरा अ‍ॅडाप्टरही त्याच सेवेत असावा, नाहीतर मुख्य मार्ग तुटेल त्याच दिवशी तो उघडा पडेल.

मधले स्विच दुसऱ्या विभागाच्या ताब्यात असतील आणि त्यांच्यावर वर्गांचे सेटिंग होणे शक्य नसेल, तर त्या नेटवर्कवर रॉकीचा हट्ट धरू नये. २०१८ मध्ये मंजूर झालेले एनव्हीएमई ओव्हर टीसीपी तेथे थोडा अधिक प्रोसेसर खाईल, पण गळती सोसून चालत राहील. अ‍ॅडाप्टरची साथ असेल तर टीसीपीवरच आरडीएमए करणारा आयवॉर्पही आहे, मात्र त्यासाठी दोन्ही टोकांना तोच हवा, कारण तो रॉकीशी बोलत नाही.

दुरुस्तीनंतरची चाचणी एकास एक न करता अनेकांकडून एकाकडे करावी, कारण गर्दी तेथेच होते: किमान चार टोकांवरून एकाच सर्व्हरकडे एकाच वेळी वाचन, मग उलट दिशेने लेखन, मग एक समांतर दुवा बंद करून तेच आणि शेवटी एक सर्व्हर रीबूट करून पुन्हा तेच. प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर वाटेतल्या सगळ्या पोर्टांवरची प्रायॉरिटी ३ ची गळती व अ‍ॅडाप्टरवरचे क्रम चुकलेल्या पॅकेटांचे काउंटर लिहून ठेवावे आणि चारही फेऱ्यांत दोन्हींतला फरक शून्य आल्यावरच बॅकअपचे वेळापत्रक पुन्हा चालू करावे.